इंजिन गार होईपर्यंत

"थांबा! पाणी मारू नका! अहो — थांबा!"

आवाज वरून आला. मी गाडीचं बॉनेट उघडून, नळाचा पाइप हातात धरून मोठ्या उत्साहानं उभी होते. धार जोरात यावी म्हणून पाइपच्या तोंडावर अंगठा दाबलेला. असा ओरडा कानावर पडला की माणूस काय करतो? आवाजाच्या दिशेनं वळतो. मी वळले. माझ्याबरोबर पाइपही वळला...

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक माणूस अर्धी दाढी करून वाकून उभा होता. दुसऱ्या क्षणी त्याच्या गालावरचा सगळा फेस धुऊन निघाला.

"अगं बाई!" मी म्हणाले आणि पाइप खाली टाकला. खाली पडल्यावर तो सापासारखा वळवळून माझ्याच पायांवर पाणी उडवू लागला.

तो जिना उतरून आला तो कठडा धरून, एकेक पायरी नीट बघत. वरच्या घरात नवा भाडेकरू आलाय हे मला ठाऊक होतं, पण चेहरा आज पहिल्यांदा दिसत होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर दाढी. शर्ट चिंब. आता हा भांडणार, म्हणून मी माफीचं वाक्य मनात जुळवत होते. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. आधी नळ बंद केला. मग इंजिनावर, हात न लावता, तळवा धरला — तापात असलेल्या लेकराच्या कपाळाजवळ धरावा तसा.

"आत्ताच चालवून आणलीत?"

"हो. पेट्रोल भरून आले. पण ऐका ना, तुमचा शर्ट — मला खरंच —"

"माझं वाळेल," तो म्हणाला. "हे वाळलं नसतं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. आणि ही एवढी जोराची धार वायरींच्या जोडांत घुसली, की मग गाडी मनात येईल तेव्हाच चालू होते."

"तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"नाही. विमा कंपनीसाठी गाड्या तपासतो. अपघातातल्या, बुडालेल्या, जळालेल्या."

"म्हणजे रोज मोडक्या गाड्या बघता?"

"रोज. आणि त्यांचे मालक. 'काय होतंय!' असं म्हणून सुरुवात केलेली असते बहुतेकांनी."

मीही पाइप उचलताना अगदी हेच म्हणाले होते. मोठ्यानं. मला विषय बदलायचा होता.

विषय बदलायला आत्या आलीच. माझी आत्या म्हणजे मुलींच्या वसतिगृहाची निवृत्त रेक्टर. तिच्या आवाजाला भिंती अजून सरळ उभ्या राहतात. शिक्षणासाठी म्हणून तिच्याकडे आले ती तिथेच राहिले. दाताची डॉक्टर झाले, गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नोकरीला लागले. आता मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली होती आणि आत्यानं आपली लाडकी गाडी मला देऊन टाकली होती. "माझे गुडघे क्लचला कंटाळलेत," एवढंच कारण तिनं दिलं. तिच्याकडून गाडी सुटणं म्हणजे दुसऱ्या कुणाकडून घर सुटणं.

पण गाडीतून काही दिवस करपल्यासारखा वास येत होता. आत्यानं तेल भरताना निम्मं बाहेर सांडलं होतं. त्यावर वाळकी पानं, धूळ आणि कुठल्याशा पाखरानं आणून ठेवलेल्या काड्या बसल्या होत्या. "तोंड न धुता प्रवासाला निघायचं नाही, गाडीनंही नाही," असा तिचा हुकूम निघाला, म्हणून तर मी पाइप घेऊन उभी होते.

त्यानं मोबाइलच्या उजेडात आत वाकून बघितलं आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला.

"हे साफ करायलाच हवं. इंजिनाजवळ तेल आणि वाळकी पानं... लांबच्या रस्त्यावर हे पेटू शकतं. पण आत्ता नाही. गार होऊ द्या."

"किती वेळ?"

"तुम्हाला घाई आहे?"

"मला नेहमीच घाई असते."

"मला कधीच नसते," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. हसताना उजव्या बाजूचे ओठ जरा कमी हलले. आम्हा दातवाल्यांच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

"हा कोण गं, ठमे?" आत्यानं विचारलं. मला ती रागात आणि लाडात, दोन्ही वेळा ठमीच म्हणते. "भिजलाय का?"

"मी भिजवलं."

"बरं. इंजिन गार होतंय तोवर माणसांनी काहीतरी गरम प्यावं. बसा दोघं."

मग पार्किंगमध्ये खुर्च्या आल्या, चहा आला. तो वर जाऊन उरलेली दाढी करून, कोरडा शर्ट घालून, हातात जुने मोजे, रंगाचे ब्रश, चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आला. चहावर त्यानं इतकी फुंकर घातली की चहा सुद्धा अवघडला असेल. आणि मग प्याला तो डाव्या बाजूनं.

"उजवी दाढ कधीपासून दुखतेय?" मी विचारलं.

त्याला ठसका लागला. "नाही, तसं काही..."

"दाताची डॉक्टर आहे मी. तोंड उघडा."

"इथे?"

"मी तुमच्यासमोर अख्खं बॉनेट उघडलंय. तुम्हाला एवढं जमणार नाही?"

आत्या पेपराआड खुसखुसली. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि निमूट तोंड उघडलं. मी मोबाइलचा उजेड पाडला. सकाळचं ऊन, ओल्या फरशीचा वास, आणि एका अनोळखी पुरुषाची हनुवटी माझ्या बोटांत... हनुवटीवर फेसाचा एक ठिपका राहिला होता, हे मी एका डॉक्टरच्या नजरेनं टिपलं. माझी बोटं गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहिली — ते मी कुठल्याच नजरेनं टिपलं नाही.

"कीड लागलीय. खोल. अजून थांबलात तर नसेपर्यंत जाईल. दुसऱ्यांना सावधगिरी शिकवता आणि स्वतःच्या तोंडात हे? दाखवलं का नाही कुणाला?"

"भीती वाटते."

"कशाची?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "दाताच्या डॉक्टरची."

"अजून?"

"आता..." तो कपाकडे बघत म्हणाला, "आता थोडी वेगळी वाटतेय."

पेपराचं पान जोरात उलटलं गेलं.

इंजिन एकदाचं गार झालं. आता नळ सोडायचा, असं मला वाटलं. छे! आधी त्यानं हातानं सगळी पानं, काड्या वेचल्या. मग पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी केली आणि बाजूला वळवून ठेवली. "ही आधी काढायची, जोडताना शेवटी जोडायची." मग गाडीला बाळंतीण असल्यासारखं गुंडाळणं सुरू झालं. बॅटरीवर पिशवी, फ्यूजच्या डब्यावर पिशवी, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर पिशवी, हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर पिशवी.

"हिला श्वास तरी घेऊ द्या," मी म्हणाले.

"आत्ता नको. बंद आहे तोवर श्वास नको, पाणी नको. चालू करायच्या आधी मात्र सगळ्या पिशव्या आठवणीनं काढायच्या. लोक नेमकं हेच विसरतात."

"तुम्ही कधी विसरलायत?"

"मी?" त्याला प्रश्नच कळला नाही. "नाही."

त्यानं खाली जुनी गोणपाटं अंथरली, तेलकट पाणी गटारात जायला नको म्हणून. मला हातमोजे दिले, डोळ्यांवर चष्मा चढवायला लावला. मग तेलकटपणा काढणारं औषध फवारलं आणि आम्ही दोघं ब्रश घेऊन दोन बाजूंनी वाकलो.

ब्रश चालवणं हे माझंच काम होतं. कोपऱ्यातली घाण मी अशी काढली की तो बघतच राहिला.

"तुमचा हात छान आहे," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "म्हणजे... ब्रश करायला."

"गोल-गोल फिरवायचा. हिरडी सांभाळून."

"इंजिनाला हिरडी नसते."

"रबरी नळ्या आहेत ना. नाजूकच असतात."

त्यानं मान डोलावली, गंभीरपणे, जणू हे कुठल्याशा ग्रंथात यायला हवं होतं. मला हसू आवरेना.

पाइप त्यानं शेवटपर्यंत वापरू दिला नाही. झाडांवर पाणी शिंपडायच्या बाटलीनं बारीक तुषार मारायचे आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. मग कोरड्या फडक्यानं. मी खांद्यापर्यंत आत शिरून पुसत होते आणि तो एकेक पिशवी काढत होता. बॅटरी झाली. फ्यूजचा डबा झाला. अल्टरनेटर झाला. मी डोकं वर काढलं, कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले आणि तो थबकला.

"तुमच्या गालावर..."

"काय?"

"काळं... इथं नाही. जरा खाली. थांबा —"

त्यानं हातातल्या फडक्यानं माझा गाल पुसला. अगदी हलक्या हातानं, काच पुसावी तसा. फडकं माझ्या गालापेक्षा कितीतरी काळं होतं. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं. तरी तो पुसत राहिला आणि मी गाल तसाच धरून राहिले...

"वाढलं," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"काळं."

मग त्यानं बॅटरीची वायर जोडली. "आता चालू करून बघा," म्हणाला, पण ते बॅटरीकडे बघत.

मी आत बसले, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली — खोकली — आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. एक आचका, आणि शांतता.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "पाणी गेलं असेल. कुठं गेलं? इतकं जपून... डॉक्टर, तुम्हाला जायचं कधीय? मी दुसऱ्या गाडीची सोय... नाही, आधी वायरी उघडून..." तो स्वतःशीच पुटपुटत बॉनेटभोवती फिरू लागला. त्याला एवढं घाबरलेलं बघून मला गाडीची काळजी वाटेनाशीच झाली.

"अरे," आत्या खुर्चीतून म्हणाली. पेपर केव्हाच खाली आला होता. "मी आपली बाई माणूस समोर बसून बघतेय. ती किल्ली फिरवते तेव्हा तिथं एक पांढरी पिशवी आत ओढली जाते. ती तशी जायची असते का?"

त्यानं बघितलं. हवेच्या नळीच्या तोंडावर पिशवी घट्ट चिकटून बसली होती.

तो नुसता उभा राहिला. एखाद्या न्यायाधीशाला स्वतःच्याच खिशात चोरीचा माल सापडावा, तसा.

"मी..." तो म्हणाला. "मी कधीच..."

"माहितीय," आत्या म्हणाली. "जिना सुद्धा तपासून उतरतोस. ठमे, ह्याचं नाव मी सावधान ठेवणार होते. पण आता उपयोग नाही. हा पडला."

"कुठं पडले?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"ते त्याला कळलंय."

त्यानं पिशवी ओढून काढली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली, घरघरत राहिली, ओलावा वाफ होऊन उडू लागला. वास अजिबात नव्हता. त्यानं ते सगळं माझ्याकडे एकदाही न बघता तपासलं आणि ब्रश तिथेच टाकून तो वर निघून गेला. कठडा न धरता.

त्यानंतर तो दिसेचना. सकाळी मी बाहेर पडायच्या आधी जायचा, संध्याकाळी पावलं वाजायची ती वरच. मी जिन्यात विनाकारण चपलेचा पट्टा लावत बसू लागले. एकाच चपलेचा, बराच वेळ. मला हसवणारा माणूस मला टाळत होता आणि माझे इथले दिवस संपत आले होते. घाई असलेल्या बाईला वाट बघायला लावणं, हा कसला सूड?

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी दार उघडलं आणि आत्या आत आली. तिनं त्याला दंडाला धरून आणलं होतं.

"जिन्यात गाल धरून बसला होता," ती म्हणाली. "मी मुलींना सुया टोचायला ह्यापेक्षा सहज नेत असे. घे, बसव."

तो खुर्चीत बसला. हातांनी दोन्ही बाजू अशा धरल्या, जणू खुर्ची आता उडणारच होती.

"दुखेल का?"

"भूल देते. टोचताना थोडंसं. मग काही कळणार नाही."

"काही म्हणजे... किती काही?"

"जीभ, ओठ, गाल. बाकी सगळं जागच्या जागी राहील."

सुई टोचली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि माझी बाही पकडली. सुई काढली तरी बाही सोडली नाही. दवाखान्यातल्या मावशी कापूस शोधायला भिंतीकडे वळल्या. कापूस टेबलावरच होता.

मग मी काम सुरू केलं. तोंड उघडं, दोन्ही हात माझे आत. त्याला उत्तर देता येणार नाही हे बघून मला धीर आला. भित्रा काय तो एकटाच नव्हता.

"मी उद्या सकाळी निघतेय," मी म्हणाले.

"आँ."

"तुम्ही भेटायला आला नाहीत."

"आँ... आँ."

"एक पिशवी विसरली तर एवढं काय? मला तर उलट..." हातातलं यंत्र घोंगावत होतं. मी ते बंद केलं. "मला उलट बरं वाटलं."

त्याचे डोळे उघडले. इतक्या जवळून, इतक्या उजेडात मी पुष्कळांचे डोळे बघितले आहेत. बहुतेक वेळा त्यात भीती असते. ह्यांत होती, पण ती दाताची नव्हती.

दाढ भरून झाली. त्यानं चूळ भरली. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मग खुर्चीत ताठ बसून, लुळ्या ओठांनी, फार प्रयत्नपूर्वक तो म्हणाला,

"अला... तुह्ही... हार... आअडता."

मावशींना जोराचा खोकला आला.

मला अक्षर न् अक्षर कळलं होतं. भूल दिलेल्या माणसांचं बोलणं समजणं हा माझा धंदाच आहे. पण मी दुष्ट आहे, थोडीशी.

"काय म्हणालात?"

"अला —"

"असं नाही. भुलीत दिलेला जबाब तुमची विमा कंपनी तरी धरेल का? उतरू दे. मग या आणि सांगा."

संध्याकाळी मी सामान बांधलं. भूल उतरून गेली असणार. पुस्तकं भरली, कपडे भरले. आत्यानं न लागणाऱ्या तीन उशा भरल्या. वर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दार काही वाजलं नाही. हट्टानं मीही वर गेले नाही, आणि मग उशीत तोंड खुपसून स्वतःलाच शिव्या दिल्या. साधं ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? अस्पष्ट तर अस्पष्ट. माणसं स्पष्ट बोलूनही एवढं खरं बोलत नाहीत.

सकाळी बाहेर आले तर तो गाडीपाशी उकिडवा बसून चाकातली हवा तपासत होता. मग दिवे बघितले. मग काच पुसली. मग वायपर उचलून पुन्हा ठेवले. मी सामान ठेवून दार लावलं, तरी तो पुसतच होता.

"अरे, काचेला सांगणार आहेस की हिला?" आत्या कडाडली.

तो सरळ झाला. "काल आलो होतो," तो मला म्हणाला. "दारापर्यंत. आत्या रडत होत्या म्हणून परत गेलो."

"मी रडत नव्हते," आत्या म्हणाली. "बॅगेची चेन लागत नव्हती."

आत्यानं बॉनेटवर दोनदा थापटलं, हळूच, आणि तोंड फिरवून झाडांकडे बघत राहिली.

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. म ला म, फ ला फ, व ला व. "मी खूप विचार केला. तुम्ही नव्या गावी निघालात, नवं काम आहे, अशा वेळी मी हे बोलणं कितपत... पण विचार करत बसलो तर तुम्ही पोचाल. म्हणून बोललो."

"मलाही," मी म्हणाले. माझी घाई कुठं गेली कोण जाणे. "मलाही... तेच."

इतकंच. मग काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी उगीचच गाडीत जाऊन बसले, किल्ली फिरवली. गाडी गुपचूप चालू झाली. तो खिडकीपाशी आला आणि काचेच्या कडेवर हात ठेवला.

"रस्त्यात बंद पडली तर? मी येऊ का?"

"बंद पडेल असं वाटतं तुम्हाला?"

त्यानं विचार केला. खोटं त्याला बोलताच येत नाही. "नाही. आता नाही पडणार."

"मग?"

"तरी येऊ का?"

मी त्याच्याकडे बघितलं. पायांत घरातल्या चपला. हातात पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही, काही नाही.

"परत कसे याल?"

"बसनं."

"किती वाजता असते?"

तो उत्तर द्यायला गेला आणि तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. "बघितलं नाही," तो म्हणाला, आणि हे ऐकून सगळ्यांत मोठा धक्का त्यालाच बसला.

आत्यानं पलीकडचं दार उघडून पुढच्या सीटवरची उशी केव्हाच मागे भिरकावली होती. "बस रे," ती म्हणाली. "आणि हिला गाडी हळू चालवायला लाव. माझं ऐकत नाही."

तो बसला. पट्टा लावताना हात अडखळले, मी मदत केली. मदतीला जरा जास्तच वेळ लागला. मग गिअर टाकून मी गाडी सोडली.

आत्या अजून सांगते, की ती फाटकापर्यंत हात हलवत आली, पण आमच्यापैकी एकानंही मागं बघितलं नाही. पुढेही बघितलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो, आणि गाडी आपल्या मनानंच फाटकातून सरळ बाहेर पडली.